हिचं धाडस आणि वाफ्यातले मुळे

मी भित्रा माणूस आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे लपवाछपवी नको. पाल दिसली की मी स्टुलावर चढतो. इंजेक्शनची सुई पाहिली की मला दरदरून घाम फुटतो. केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात मी तीस वर्षं फायलींवर नोंदी लिहीत आलोय, पण एकाही नोंदीत 'माझं मत असं आहे' हे वाक्य लिहिलं नाही. 'असं दिसून येतं' आणि 'यावर विचार व्हावा' एवढ्या दोन वाक्यांवर नोकरी निभावतोय. सरकारात अशा माणसाचं काही अडत नाही, उलट वेळच्या वेळी बढत्या मिळतात.

माझी बायको याच्या अगदी उलट. पण लग्न होऊन पुण्याहून दिल्लीला आली तेव्हा ती माझ्याहूनही भित्री होती. हिंदीचा गंध नव्हता. दारावर भाजीवाला आला की पडद्याआडून मला खुणा करायची आणि मी त्या खुणा हिंदीत सांगायचो. बेल वाजली की 'तुम्ही बघा' आणि 'तूच बघ' असं दोन-तीनदा व्हायचं, तेवढ्यात बाहेरचा माणूस कंटाळून निघून जायचा. अशा रीतीनं आमचा संसार सुखाचा चालला होता.

दिल्लीत तिची पहिली ओळख झाली ती एका मांजराशी. तळमजल्याचं सरकारी क्वार्टर, पुढे हातभर जमीन. तिथे तिनं वाफे केले, मेथी, कोथिंबीर आणि हिवाळ्यात मुळे लावले. उकरलेली मऊ माती मांजरांना आवडते, कशासाठी ते सांगायला नको. पहिलं मांजर आलं, तिनं त्याला दूध घातलं, आणि दिवसभर ती त्याच्याशी मराठीत बोलू लागली. ते मांजर गेलं, दुसरं आलं, आणि अशी किती आली-गेली याची आता गणतीही राहिलेली नाही. सध्याचा रहिवासी एक लालसर बोका आहे. त्याचा एक कान अर्धा तुटलेला आहे आणि माझ्या खुर्चीवर त्याचा हक्क पक्का आहे.

हिवाळ्यातल्या रविवारी आम्ही वाफ्याशेजारी उन्हात खाट टाकायचो. मी मुळा उपटायचो, पायजम्याला पुसायचो, मीठ लावून अर्धा तिला द्यायचो, अर्धा मी खायचो. "अहो, धुवा तरी," ती म्हणायची. "घरचा आहे, धुवायचं काय त्यात?" मी म्हणायचो. पुणेरी माणसाला बाजारातल्या वस्तूचा जितका संशय, तितकाच घरच्या वस्तूवर आंधळा विश्वास. आयुष्यात मी बेधडक केलेली ही एकमेव गोष्ट.

आता बसची गोष्ट. मुलगी दोन वर्षांची असताना एका रविवारी दुपारी आम्ही हिंदूराव इस्पितळात माझ्या एका सहकाऱ्याला भेटून बसने परत येत होतो. मी खिडकीपाशी, मांडीवर मुलगी, शेजारी बायको. आमच्या पुढेच कॉलेजातली एक मुलगी उभी होती आणि दोन दांडगे तिला त्रास देत होते. धक्का लागल्याचं निमित्त करून पुन्हा पुन्हा अंगाशी येत होते. ती सरकत होती, तेही सरकत होते. बस खच्चून भरलेली होती आणि सगळी बस मूग गिळून बसली होती. मीही बसलो होतो. मी खिडकीबाहेर पाहत होतो. आणि एकाएकी माझ्या शेजारची जागा रिकामी झाली.

"ए, हात उधर रख!" माझ्या बायकोचा आवाज मलाच ओळखू आला नाही. "शरम नहीं आती? ड्रायव्हरभैया, बस चौकी पे लो. अब्बी के अब्बी!"

ड्रायव्हर म्हणाला, "मॅडम, बैठ जाओ." ती बसली, पण जागेवर येऊन नव्हे. गर्दीतून वाट काढत पुढे गेली आणि ड्रायव्हरशेजारच्या इंजिनाच्या झाकणावर मांडी ठोकून बसली. तिथून तिनं त्याला निम्मं हिंदीत आणि निम्मं मराठीत असं काही सुनावलं की त्यातलं मराठी त्याला जास्त समजलं असावं. मग मागून दोन बायका उठल्या, मग एक म्हातारे सरदारजी उठले, आणि बस खरोखरच पोलीस चौकीकडे वळली. आम्ही तिथे तीन तास होतो. ती मुलगी तेवढा वेळ माझ्या बायकोचा हात धरून बसली होती.

ही गोष्ट मी पुढे पंचवीस वर्षं चारचौघांत रंगवून सांगत आलो. हिचं मोडकं हिंदी, सरदारजी, चौकीतला चहा, सगळं सांगतो. मी खिडकीबाहेर पाहत होतो, हे मात्र कधी सांगितलं नाही.

त्या दिवसापासून ही बदलली. स्कूटर शिकली, मग कार शिकली, मग मला कार शिकवायला गेली आणि आठ दिवसांत हात टेकले. कॉलनीत नळ गळो की पंखा बंद पडो, दुरुस्तीच्या ऑफिसात, ज्याला क्वार्टरांत सगळेच 'इन्क्वायरी' म्हणतात, तिथे हीच जाते. आजूबाजूचे पंजाबी आणि बिहारी शेजारीसुद्धा आपल्या तक्रारी घेऊन आधी आमच्याकडे येतात. "आंटीजी से बुलवाओ," असं म्हणतात. मला कुणी काही बोलायला सांगत नाही.

आणि पानिपत. संक्रांतीच्या सुमाराला दिल्लीतली मराठी माणसं पानिपतच्या रणभूमीवरच्या स्मारकाला, काला अंबला, जातात. आपली माणसं जिथे पडली तिथे डोकं टेकवून येतात. मंडळाची बस असते, पण आमच्या ओळखीच्या दोन आजींना बसच्या पायऱ्या चढवत नाहीत. एक शाळेतून निवृत्त झालेल्या बाई आहेत. दुसरीचे यजमान रेल्वेत होते, ते आता नाहीत. दोघींची ऐंशी उलटलेली. गेली बारा वर्षं माझी बायको या दोघींना मागच्या सीटवर बसवून, मला शेजारी घेऊन, धुक्यातून पानिपतला गाडी नेते. डब्यात गुळपोळ्या असतात. तिथे पोचल्यावर स्मारकाच्या पायरीवर आधी तिळगूळ ठेवायचा आणि मग आपण खायचा, हा आम्हा चौघांचा रिवाज. 'या वर्षी बघू जमतं का' असं त्या दोघी नोव्हेंबरपासून म्हणायला लागतात, आणि याचा अर्थ त्यांनी स्वेटर काढून ठेवले आहेत असा असतो.

गेल्या हिवाळ्याच्या तोंडावर बायकोचा चष्मा बदलायचा होता म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो. डॉक्टर बाई तरुण होत्या. त्यांनी डोळ्यात थेंब घालून बराच वेळ आत पाहिलं आणि म्हणाल्या की पडद्याच्या कडेला एक जुना व्रण दिसतोय. रक्त तपासायला सांगितलं. पुढच्या आठवड्यात रिपोर्ट आला. टॉक्सोप्लाझ्मा नावाचा एक परजीवी शरीरात पूर्वी कधीतरी शिरलेला होता आणि आता झोपलेला होता.

"झोपलेला म्हणजे?" मी विचारलं.

डॉक्टर बाईंनी हिंदीत नीट समजावून सांगितलं. हा जीव मांजराच्या पोटात वाढतो, त्याच्या विष्ठेतून मातीत जातो, आणि मातीतून, न धुतलेल्या भाजीतून किंवा अर्धवट शिजलेल्या मांसातून माणसात येतो. बहुतेकांना पत्ताही लागत नाही. स्नायूत, डोळ्यात, मेंदूत बारीक गाठोडी करून तो आयुष्यभर गप्प बसतो. गरोदर बाईला नव्यानं लागण झाली किंवा कुणाची प्रतिकारशक्ती फार खालावली तर काळजीचं, एरवी नाही. बायकोची नजर उत्तम होती, औषधाची गरज नव्हती, फक्त डोळ्यापुढे धूसर झालं किंवा ठिपके वाढले तर लगेच यायचं होतं.

"और गाड़ी?" बायकोनं विचारलं.

"बिल्कुल चलाइए," डॉक्टर बाई म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून हसल्या आणि हिंदीतच म्हणाल्या, "एकाच घरातली भाजी खाता ना? शोधलं तर तुमच्यातही निघेल कदाचित." मी पटकन चष्म्याच्या फ्रेमा बघायला लागलो.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. बिघडलं ते रविवारी, आणि ते मी बिघडवलं.

आमची मुलगी गुडगावला एका कंपनीत काम करते आणि रविवारी जेवायला घरी येते. जेवताना फोन वाचू नये हे तिला शिकवायचं राहून गेलं. "आई, हे ऐक ना, एकदम सही आहे यार," ती म्हणाली. "हा टॉक्सो उंदराच्या मेंदूत गेला ना, की उंदराची मांजराची भीतीच जाते. उलट मांजराच्या वासाकडे तो ओढला जातो. मग मांजर त्याला खातं, आणि टॉक्सोला तेच हवं असतं, कारण त्याची पुढची फॅमिली मांजराच्या पोटातच होते."

"अगं बाई," बायको म्हणाली. "आणि माणसाचं काय होतं?"

"माणसाचं पक्कं नाहीये. कोणी म्हणतं रिस्क घ्यायची सवय वाढते. कोणी म्हणतं रिअ‍ॅक्शन जरा स्लो होते, त्यानं गाडीचे अपघात जास्त होतात. आणि कोणी म्हणतं असं काहीच नाही, सगळा योगायोग. आपसांत भांडतायत ते."

मी इथे गप्प बसायला हवं होतं. आयुष्यभर जिथे बोलायला हवं तिथे मी गप्प बसलो आणि नेमका इथे बोललो. वरणभाताचा घास घेऊन म्हणालो, "तरीच!"

"तरीच काय?" बायकोनं विचारलं.

"तरीच म्हटलं, पडद्यामागून खुणा करणारी बाई एकदम बस कशी वळवायला लागली. मांजराचा पराक्रम होय हा!"

मुलगी खदखदून हसली. मीही हसलो. बायको ताक आणायला उठली आणि बराच वेळ स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही. ताक आलं तेव्हा त्यात मीठ नव्हतं. मी ते तसंच प्यायलो.

दुसऱ्या दिवशी तिनं गाडीची किल्ली दाराजवळच्या खुंटीला अडकवली. तोपर्यंत ती किल्ली कायम तिच्या पर्समध्ये असायची. मी कारण विचारलं तर म्हणाली, "दोन म्हाताऱ्या बायकांचा जीव माझ्या हातात असतो. रिअ‍ॅक्शन स्लो असेल तर? धुक्यात समोर ट्रक आला तर?"

"डॉक्टरांनी चालवा म्हणून सांगितलंय."

"डॉक्टरांनी डोळ्यांचं सांगितलं, मेंदूचं नाही."

मग मला एकेक गोष्टी दिसायला लागल्या. वरच्या मजल्यावरच्यांनी आमच्या मेथीवर मोटरसायकल उभी केली, ती काही बोलली नाही. बाथरूमचा नळ गळत होता, ती इन्क्वायरीत गेली नाही. शेवटी मीच गेलो. तिथल्या बाबूनं माझं ऐकून घेतलं आणि 'देखते हैं' म्हणाला. मीही मान डोलावून, धन्यवाद देऊन परत आलो. नळ आणखी आठ दिवस गळला.

सगळ्यात वाईट होतं ते बोक्याचं. ती त्याला दूध घालायची, पण वाटी ठेवून लगेच आत यायची. आधी ती त्याच्यापाशी बसून त्याला दिवसभराच्या बातम्या सांगायची. बोका दूध संपवून जाळीच्या दारापाशी येऊन बसायचा आणि आत बघत राहायचा. मला त्या बोक्याचं कौतुक कधीच नव्हतं, पण ते बघवत नव्हतं.

एका संध्याकाळी चहाच्या वेळी मी म्हणालो, "अगं, मी गंमत केली होती."

"माहीत आहे हो," ती म्हणाली. "पण मी काय केलंय आयुष्यात, सांगा बरं? स्वयंपाक केला, मुलगी वाढवली, ते सगळ्याच करतात. ती एक बस मी वळवली. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी शिकवलं नव्हतं, माझी मी उठले. कधी अगदी मन खाली गेलं ना, तर मी तेवढं आठवायची आणि बरं वाटायचं. आता आठवलं की वाटतं, मी उठले होते, की तो उंदीर उठला होता? बोक्याला दूध घालताना पण तेच. माया करतेय की ओढली जातेय? तुम्हाला काय वाटतं?"

मी म्हणालो, "तसं काही निश्चित सिद्ध झालेलं नाही असं दिसून येतं."

तिनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, आणि तेच वाईट होतं. "मी तुमचं मत विचारलं होतं," ती म्हणाली आणि कप उचलून आत गेली.

त्या रात्री नाही, पण दुसऱ्या दिवशी ऑफिसात मला स्वतःचा भयंकर राग आला. आधी मी तो शिपायावर काढला, मग फोनवर एका सहकाऱ्यावर काढला, आणि मग लक्षात आलं की हा राग फायलीसारखा दुसऱ्या कुणाच्या नावे मार्क करून पाठवता येणार नाही. तेवढ्यात शाळेतल्या आजींचा फोन आला. "तुमची मिसेस फोन उचलत नाही. या वर्षी बघू जमतं का," त्या म्हणाल्या. मी म्हणालो, कळवतो. फोन ठेवला आणि मला डॉक्टर बाईंचं बोलणं आठवलं. शोधलं तर तुमच्यातही निघेल.

त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसला जाण्याआधी मी मार्केटमधल्या लॅबमध्ये गेलो. एकटा. रक्त द्यायला मी एकटा कधी गेलेलो नाही. माझं रक्त काढताना बायको बाजूला उभी राहते आणि माझ्या डोळ्यांवर हात ठेवते. लग्नानंतर एकदाच मी नको म्हणालो होतो, तेव्हा खुर्चीवरून खाली घसरलो होतो. लॅबमधली मुलगी म्हणाली, "अंकलजी, मुँह उधर कर लो." मी तोंड फिरवलं, आणि मग का कोण जाणे, परत फिरवलं. सुई आत जाताना पाहिली. चक्कर आली, पण पाहिली.

नंतर बाकावर कापूस दाबून बसलो होतो तेव्हा एक गोष्ट मला कळली आणि ती काही चांगली नव्हती. मी तिच्यासाठी आलो होतो, हे खरं. पण मनातून मला रिपोर्ट निगेटिव्ह हवा होता. ती धीट, कारण तिच्यात तो जीव आहे. मी भित्रा, कारण माझ्यात तो नाही. किती सोयीचं झालं असतं! मग त्या बसमध्ये मी बसून राहिलो हा माझा दोष उरला नसता. माझ्या तोंडून 'तरीच' निघालं ते गमतीनं नव्हे, सुटल्यासारखं वाटलं म्हणून. पंचवीस वर्षं ज्या गोष्टीची मला लाज वाटत होती, तिला अचानक एक कारण सापडलं होतं. त्यासाठी मी तिची गोष्ट तिच्याकडून काढून घेतली होती.

रिपोर्ट दोन दिवसांनी आला. पॉझिटिव्ह. जुनी लागण, झोपलेली. माझ्यातही तोच होता.

मी मुलीला फोटो पाठवला. पाच मिनिटांत तिचा फोन. "बाबा, तुम्ही एकटे गेलात? सुई?" मग म्हणाली, "पण बाबा, सॅम्पल साइझ दोन आहे. यावरून काहीच सिद्ध होत नाही, हां."

"मला काही सिद्ध करायचं नाहीये," मी म्हणालो. "आईला दाखवायचंय."

रविवारी ऊन चांगलं पडलं होतं. मी खाट टाकली, दोन मुळे उपटले, स्वयंपाकघरात नेऊन नळाखाली चांगले तीन वेळा धुतले आणि मीठ लावून आणले. बायको स्वेटर विणत बसली होती. मी मुळ्याच्या ताटलीबरोबर रिपोर्ट तिच्यापुढे ठेवला.

तिनं चष्मा लावून वाचला. नाव वाचलं, पुन्हा नाव वाचलं. "हा तुमचा आहे?"

"माझा."

"तुम्हाला पण आहे?"

"वाफा एकच, मुळा एकच. न धुता मीच तर खायला घालत होतो. बोक्याचा दोष असेल तर अर्धा, उरलेला माझ्या पायजम्याचा."

तिच्या ओठांचा कोपरा हलला. मग ती हसायला लागली. अशी हसली की सुया मांडीवरून खाली पडल्या. "तुम्हाला आहे! अहो, आणि परवा पाल निघाली तर स्टुलावर कोण चढलं होतं?" डोळे पुसत ती पुन्हा रिपोर्ट बघायची आणि पुन्हा हसायची. मला इतकं बरं वाटलं की मीही हसलो, पण मला अजून एक काम करायचं होतं आणि ते सुईपेक्षा अवघड होतं.

"तू माझं मत विचारलं होतंस," मी म्हणालो. "माझं मत असं आहे, की बस तू वळवलीस. तू, दुसऱ्या कुणी नाही. दोघांच्यात एकच जीव होता, दोघं एकाच सीटवर होतो. तू उठलीस आणि मी बसून राहिलो. मी खिडकीबाहेर बघत होतो. ते तुला कधी सांगितलं नाही."

ती हसायची थांबली. खाली वाकून एक सुई उचलली, मग दुसरी उचलली.

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "त्या खिडकीला काच नव्हती, अहो. पत्रा ठोकला होता. बाहेरचं काही दिसतच नव्हतं."

पंचवीस वर्षं मी ही गोष्ट हिच्यासमोर, हिच्याच हातचे पोहे खाणाऱ्या पाहुण्यांना सांगत आलो, आणि ती शेजारी बसून ऐकत आली, आणि एकदाही तिनं त्या पत्र्याचं नाव काढलं नाही.

"मग कधी बोलली कशी नाहीस?"

"काय बोलायचं? मी चौकीपाशी उतरले तेव्हा सगळं अवसान गळालं होतं. वाटलं, आता आपण एकट्या. वळून पाहिलं तर तुम्ही मुलीला कडेवर घेऊन माझ्या पाठोपाठ उतरत होतात. एका हातात माझी चप्पल होती, एक गर्दीत पायातून निघून बसमध्येच राहिली होती. घामानं भिजला होतात नुसते. पण उतरलात. बाकीचे कितीतरी बसमध्ये बसूनच राहिले." तिनं मुळ्याचा तुकडा उचलला, उलटसुलट करून पाहिला. "धुतलाय ना?"

"तीनदा."

तिनं तो खाल्ला. बोका जाळीच्या दाराकडून आला आणि तिच्या पायापाशी अंग घासू लागला. तिनं त्याला उचलून मांडीवर घेतलं आणि वरच्या मजल्यावरच्यांची मोटरसायकल मेथीवर कशी उभी असते ते त्याला सविस्तर सांगितलं. सांगून झाल्यावर उठली, पदर खोचला आणि जिना चढून वर गेली. दहा मिनिटांत मोटरसायकल हलली.

संक्रांतीच्या दोन दिवस आधी ती खुंटीवरून किल्ली काढून पर्समध्ये टाकताना मी पाहिली. दोन्ही आजींना फोन गेले आणि दोघींचे स्वेटर आधीच बाहेर काढलेले होते असं कळलं.

सकाळी सातला निघालो. दिल्लीबाहेर पडलो तसं धुकं दाट झालं, पुढच्या ट्रकचे लाल दिवे तेवढे दिसत होते. मागे दोघी आजी एका शालीत बसून गुळपोळ्यांचा डबा सांभाळत होत्या. माझी सवय अशी की धुकं असलं की मी मान वळवून बाजूच्या काचेतून बाहेर बघत बसतो, समोरचं दिसू नये म्हणून. बायकोनं गिअर बदलला आणि समोरून नजर न काढता म्हणाली, "अहो, तिकडे नका बघू. माझ्याबरोबर समोर बघा. काही दिसलं तर सांगा."

मी मान वळवली. भीती वाटत होती. पण पानिपत येईपर्यंत मी एकदाही खिडकीबाहेर पाहिलं नाही.